विमलाबाईंची विमानं, जावयाची दुबई

"पॅकेट होय," असं विमलाबाई आधी म्हणायच्या आणि मान नंतर वर करायच्या. केळझरच्या टेकडीमागून घुरघुर यायची, कापूस वेचणाऱ्या बाकीच्या बाया कपाळावर हात धरून आभाळ धुंडाळायच्या, आणि खरोखरच पॅकेट नावाचं, दोन शेपट्यांचं ते जाडजूड फौजी विमान नागपूरच्या दिशेनं सरकताना दिसायचं. विमलाबाईंची बोटं तोवर पुढच्या बोंडावर गेलेली असायची. फुशारकी मारायची ती काम न थांबवता, असा त्यांचा रिवाज होता.

हे वेड लागलं एकाहत्तरच्या लढाईत. त्यांचा धाकटा भाऊ गुलाब वायुसेनेत आचारी होता आणि तेव्हा नागपूरच्या सोनेगाव तळावर होता. गावात रेडिओ मोजके. बातम्या अर्ध्या ऐकलेल्या असायच्या, अर्ध्या पारावर तयार झालेल्या. भावाच्या काळजीनं विमलाबाई वरून जाणाऱ्या प्रत्येक विमानाचा आवाज कान देऊन ऐकू लागल्या. आता आचाऱ्याला विमानात बसवून लढायला कोण धाडणार! पण काळजीला कोणी समजवावं? लढाई संपली, गुलाब धडधाकट घरी आला, काळजी गेली. कान मात्र तसेच टवकारलेले राहिले.

पुढच्या वर्षी तळावर एकदा घरच्या माणसांना विमानं बघायला आत सोडलं, तेव्हा गुलाबनं बहिणीला नेलं. विमलाबाई लुगडं सावरत थेट पॅकेटच्या चाकापाशी गेल्या आणि त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. पहारेकरी हटकायला आला, तर त्यालाच म्हणाल्या, "हात लावून राह्यली बाप्पा, नेऊन नाई राह्यली!"

त्यानंतर त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. डकोटा म्हातारं झालं तरी कुरकुर न करता चालतं, म्हणून ते आवडतं. नॅट एवढंसं, पण शत्रूच्या नाकी नऊ आणतं, म्हणून त्याचं कौतुक. मिग कधी येतं आणि कधी जातं ते समजतच नाही, म्हणून त्याच्यावर थोडा राग. प्रवासी विमानांना मात्र त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. "थे वरातीच्या गाड्या होय," असं म्हणून त्या नाक मुरडायच्या. "पडदे काय, गाद्या काय! फौजेच्या विमानाले पाहा. ना नट्टा, ना पट्टा. कामाले आलं, काम केलं, चाललं घरी."

त्यांचे यजमान लक्ष्मणराव मोजकं बोलणारे आणि मनातल्या मनात हसणारे. एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, "आमच्या घरी मी आलो तं कोणाले पत्ता नाई लागत, अन् डकोटा आलं का साऱ्या गावाले समजते." विमलाबाई म्हणाल्या, "तुमी आवाज करत जा थोडा."

त्र्याऐंशी साली त्यांची एकुलती एक लेक सुमित्रा सेलूच्या घरात दिली. जावई मधुकरराव दुबईला विजेच्या कामावर मुकादम होते. माणूस शांत, निर्व्यसनी, बोट ठेवायला जागा नाही. म्हणून मग विमलाबाईंनी बोट ठेवलं ते दुबईवर.

सुट्टीत आले की मधुकरराव हौसेनं सांगायचे आणि विमलाबाई प्रत्येक गोष्टीला काट मारायच्या. तिथं एकोणचाळीस मजली इमारत आहे म्हणे. "मंग वरच्या मजल्यावरच्या बाईनं पापड कुठं वायत घालावं?" समुद्राचं खारं पाणी गोड करून घरोघर देतात. "अन् जिथं देवानं गोड पाणी देल्लं तिथं राहाले काय धाड भरली?" वाळवंटात रस्त्याच्या मधोमध हिरवळ लावली आहे, तिला रोज पाणी घालतात. "त्यावर गाय चरते?" नाही, पाय ठेवायचीसुद्धा बंदी आहे. विमलाबाईंनी यावर नुसते हात जोडले. सोन्याच्या बाजारात हार मिरच्यांसारखे टांगलेले असतात, हे ऐकून शेजारच्या वच्छलाबाईंचा आ वासला, पण विमलाबाई म्हणाल्या, "मिरची कामात तरी येते."

हळूहळू हे गावभर झालं. कोणी दुबईचं नाव काढलं की विमलाबाईंना बोलावून आणायचे, आणि त्यांनी दुबईची सालटी काढली की चहा पाजायचे. आभाळात नजर ठेवणारी बाई, तिनं दुबई पाहिली नाही एवढ्या किरकोळ कारणासाठी तिचं मत नाकारायची हिंमत कोणात नव्हती. खरी गोष्ट फक्त लक्ष्मणरावांना माहीत होती. दुबईत हिरवळ होती, सोनं होतं, हे दुखणंच नव्हतं. दुबईत सुमी होती, हे दुखणं होतं.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात गोड बातमी आली आणि विमलाबाईंना दहा हत्तींचं बळ आलं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? डिंक आला, खारका आल्या, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवून झाली. दुबईची काय टाप आहे लेकीला अडवायची!

डिसेंबरात जावयाचे मोठे भाऊ सदाशिवराव लुनावरून आले. सेलूला त्यांचं किराणा दुकान होतं आणि दुकानात फोन, त्यामुळे दुबईचं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं. "मधुकर पुसून राह्यला, सातवा लागला, आता धाडू काय सुमित्राले?"

विमलाबाईंनी मागे वळून घराकडे पाहिलं. त्या वर्षी कापूस दणकून आला होता आणि विकायला अजून अवकाश होता. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, देवघरात देवापुरती जागा सोडून कापूस. कंबरेएवढ्या त्या ढिगावरच घरचे झोपायचे आणि उठल्यापासून अंग खाजवायचे. पोटुशी पोर आणून ठेवायची कुठे? आणि आठव्या महिन्यात तर बाईला गावची वेससुद्धा ओलांडू देत नाहीत.

"आता नोका धाडू," त्या ठामपणे म्हणाल्या. "नववा लागला का धाडजा. तवरीक घर मोकळं होते."

सदाशिवरावांनी मान डोलावली. लक्ष्मणरावांनीही डोलावली. त्यांच्या आईनं, आजीनं, साऱ्या केळझरनं हेच सांगितलं असतं. बैलगाडीसाठी केलेला नियम विमानालाही चालतो की नाही, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि विमानांच्या बाबतीत गावात ज्यांना विचारायचं, त्या तर याच बाई होत्या.

कापूस गेला. घर झाडून, सारवून लखलखीत झालं. दाराला नवा पडदा लागला. आणि जानेवारीच्या शेवटी, फरदडीचा, म्हणजे हंगाम सरल्यावरचा उरलासुरला कापूस वेचणं चालू असताना सदाशिवरावांची लुना थेट बांधावर आली. नवव्या महिन्यात बाईला विमानात घेतच नाहीत. मधुकररावांनी दोन-तीन विमान कंपन्यांच्या हातापाया पडून पाहिलं होतं. आता बाळंतपण तिथंच. "दवाखाना चांगला आहे म्हंते, काळजी करू नोका," असं सांगून सदाशिवराव निघून गेले. वाईट बातमी देऊन झाल्यावर थांबणं कोणालाही जड जातं.

विमलाबाई ओटीतला कापूस एका हातातून दुसऱ्या हातात करत बांधावर बसून राहिल्या. पोरीला घरच्या दारातून मीच परत लावलं, एवढंच त्यांच्या मनात घुमत होतं. कापसाला जागा दिली आणि लेकीला नाही दिली.

तेवढ्यात आभाळ दणाणलं. बाया उठून उभ्या राहिल्या. एवढं थोरलं विमान त्या शिवारानं तोवर पाहिलं नव्हतं; चार इंजिनं, पंख खाली झुकलेले, सावली पडली ती कपाशीवरून बांधावर आणि बांधावरून टेकडीवर गेली. लक्ष्मणराव धावतच आले. "अवो, पाह्यलं काय? हे तं नवंच होय!"

विमलाबाईंनी मान वर केली नाही. "असन," म्हणाल्या.

लक्ष्मणरावांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. बायकोला रडताना त्यांनी पाहिलं होतं, चिडताना तर रोजच पाहत होते; पण डोक्यावरून विमान जावं आणि तिनं वर पाहू नये, असं चौदा-पंधरा वर्षांत घडलं नव्हतं. ते शेजारी बसले आणि आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण त्यांनी केलं. "सुमी माहेरी येऊ शकत नाई ना? मंग माहेर तिकडं धाडू. तू जाय."

"मी? त्या गावात?"

"पासपोर्ट तं जवायानं मागच्याच साली काढून देल्ला. तूच तांदळाच्या डब्यात टाकून ठेवला."

"अन् गाव काय म्हणन? जल्मभर नावं ठेवली अन् आता चालली दुबईले!"

"गाव हासन," लक्ष्मणराव म्हणाले. "मी बी हाशीन थोडा. पण सुमी नाई हासनार. थे वाट पाहून राह्यली."

यावर विमलाबाई रडल्या, मनसोक्त रडल्या, आणि घरी जाऊन त्यांनी डिंक तळायला घेतला.

जावयानं कागदपत्रं भराभर पाठवली आणि आता निवृत्त झालेला गुलाब बहिणीला मुंबईच्या विमानतळापर्यंत पोचवायला गेला. सामानात लाडू, ओवा, बाळंतशेपा, हळद (तीही वायगावचीच, कारण दुसऱ्या हळदीवर त्यांचा विश्वास नव्हता) आणि घरच्या कापसाची एक इवलीशी गादी. कस्टमच्या माणसानं गादी दाबून दाबून पाहिली. "दाब, दाब," विमलाबाई म्हणाल्या, "असा कापूस पाह्यला नसन तू."

विमानात त्यांची घोर निराशा झाली. आत बसलं की विमान दिसतच नाही! खिडकीतून पंखाचा एक तुकडा तेवढा दिसत होता. बाकी सगळे पडदे आणि गाद्या. शेजारी अमरावतीकडचा एक तरणा गवंडी पहिल्यांदाच चालला होता. खालून धाडकन आवाज आला तसा तो पांढराफटक पडला. "भेऊ नोको," विमलाबाईंनी त्याचा हात धरला. "चाकं आत घेतली त्यायनं." मग उतरेपर्यंत त्या त्याला प्रत्येक आवाजाचा अर्थ सांगत राहिल्या. अर्धे अर्थ त्यांनी जागीच तयार केले, पण त्या पोराला झोप लागली.

दुबईत उतरल्यावर त्यांनी ठरवलंच होतं की काही चांगलं दिसलं तरी मान्य करायचं नाही. मोटारीत त्या डोळे मिटून बसल्या. पण शेजारी एवढं मोठं पोट घेऊन सुमी बसली होती आणि "माय, पाह्य ना!" म्हणून कोपरानं ढोसत होती, तेव्हा एक डोळा उघडावाच लागला. खोलीवर जावई संध्याकाळी कामावरून आले. कोपरापर्यंत तारांचे ओरखडे, चेहरा उन्हानं रापलेला. त्या झगमगाटाच्या मागे असे हात आहेत, हे काही सुट्टीतल्या गप्पांत कोणी सांगितलं नव्हतं. विमलाबाईंनी गुपचूप त्यांच्या ताटात एक लाडू जास्तीचा वाढला.

वेळ आली तेव्हा टॅक्सीवाला एक धिप्पाड पठाण होता. दवाखान्यात सोडल्यावर तो गेलाच नाही. बाहेर फुटपाथवर बसून दुवा मागत राहिला. आत केरळची एक नर्स होती. विमलाबाईंनी आपली नागपुरी हिंदी काढली, "बाई, मेरी पोरगी को संभालना." नर्सनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि मोडक्या हिंदीत सांगितलं की तिचंही पहिलं बाळंतपण इथंच झालं होतं, आणि तिच्या आईला येता आलं नव्हतं. 

मुलगी झाली. पठाणानं खजूर आणले आणि विमलाबाईंनी त्याच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला. शेगडी पेटवायची त्या इमारतीत बंदी होती, म्हणून बाळंतिणीला शेक द्यायला विमलाबाईंनी विजेच्या इस्त्रीवर फडकी तापवली. समुद्राचं गोड केलेलं पाणी वापरून नातीला रोज न्हाऊ घातलं. पोरगी आंघोळीनंतर अशी काही झोपायची की पाण्याला नाव ठेवायला जागा उरली नाही.

मे महिन्यात त्या केळझरला परतल्या. ओसरीत माणसं मावेनात. चहा झाला, खजूर वाटून झाले, आणि सगळे सरसावून बसले. एवढे दिवस ऐकीव होतं, आता बाई डोळ्यांनी पाहून आली होती. विमलाबाई मात्र नातीच्या जावळाबद्दल बोलत होत्या, तिच्या मुठीबद्दल बोलत होत्या. शेवटी वच्छलाबाईंना राहवेना. त्यांनीच सुरुवात करून दिली, "काई म्हणा विमलाबाई, पण ना नदी, ना नाला, ना झाड. असं कसं थे भिकारडं गाव!"

"वच्छलाबाई!" विमलाबाईंचा आवाज असा चढला की कपबश्या गोळा करणारे लक्ष्मणराव जागच्या जागी थांबले. "तोंड सांभायून बोला. माह्या नातीचं जल्मगाव होय थे."

कोणी हसलं नाही. त्या दिवसापासून केळझरात दुबईला नावं ठेवायचा हक्क एकट्या विमलाबाईंकडे राहिला, आणि त्यांनी तो पुन्हा कधी वापरला नाही.