सगळ्याला ‘हो’ म्हणणारी महामाया

४ ऑगस्ट २०२५, सोमवार, लातूर. नळाला पाणी आलं नाही. श्रावणी सोमवार, डॉक्टरांनी माझा उपवास बंद केलेला आहे, म्हणून नाश्त्याला पोहे. मुलीला, उज्ज्वलाला, फोन केला, लागला नाही. महामाया सकाळपासून गच्चीवर नाचते आहे.

अतिशयोक्ती नाही, ती खरोखर नाचत होती. महामाया माझी भाडेकरू, गच्चीवरच्या खोलीत राहते. मूळची उमरीची. नांदेडला इंजिनिअरिंग झालं, पुण्यातली नोकरी कंपनीसकट बुडाली, तेव्हा बॅग घेऊन इथे आली आणि म्हणाली, “आजी, आता मी माझंच काम करून राहिले.” तिच्या वडिलांनी, आनंदराजांनी, या महिन्यापुरती मुदत दिली होती. एक तरी पक्कं गिऱ्हाईक मिळव, नाही तर घरी येऊन तलाठ्याच्या परीक्षेला बस.

गिऱ्हाईक म्हणून एकच बाई हाताशी होती, मागच्या गल्लीतल्या मेसवाल्या सिंधुबाई. मेडिकलच्या क्लासच्या मुलांचे डबे फोनवर लिहून घेताना त्यांची तारांबळ उडायची, म्हणून महामायेनं त्यांना वेबसाइट करून दिली. ती ठेवायची की नाही, हे सिंधुबाई आज संध्याकाळी सांगणार होत्या.

“आजी, जोडलं! जोडलं!” ती धडधडत जिना उतरली. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात माझी.

“अगं, काय जोडलं?”

मग तिनं मला समजावलं. कोड लिहून देणारा एआय सहायक तिच्या लॅपटॉपवर, आणि वेबसाइट राहते दुसऱ्याच कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर. आजवर तिथली चूक उचलून इथे सांगायची, इथलं उत्तर तिथे नेऊन टाकायचं, असं निरोप्याचं काम ही दिवसभर करायची. आता त्या प्लॅटफॉर्मनं आपली अवजारंच सहायकाच्या हाती दिली होती. नोंदी तोच वाचणार, दुरुस्तीही तोच चढवणार.

“बघू का, बदलू का, चालवू का, असं विचारत होतं. मी सगळ्याला हो म्हटलं!”

“वाचून म्हटलंस?”

“आजी, आनंदात कोण वाचतं?”

कॉन्व्हेंटात आम्हाला सही करण्याआधी दोनदा वाचायला शिकवलं होतं. पण तिचा चेहरा इतका फुलला होता की मी मुकाट्यानं चहा टाकला.

तिनं सहायकाला सांगितलं, उपवासाच्या डब्याची नवी सोय चालते का, भरपूर ऑर्डरी टाकून तपास. चहा संपायच्या आत उत्तर आलं : साठच्या साठ ऑर्डरी व्यवस्थित गेल्या. महामायेनं गिरकी घेतली आणि माझी तुळशीशेजारची कुंडी पाडली.

दुपारी फाटकाशी संगप्पाची ऑटो थांबली. आत डबेच डबे, आणि डब्यांत अंग चोरून बसलेल्या, घामाघूम सिंधुबाई.

“काकू, सत्संग हाय का तुमच्याकडं? आधी सांगायचं की! भगर तीनदा शिजवली. शेंगदाणे संपले, तर शेजारणीचे आणले!”

“सिंधुबाई, आमच्याकडे कुणीच नाही.”

“कुणीच न्हाई? साठ जणांचा पत्ता ह्याच घरचा हाय!”

महामाया पांढरीफटक पडली. तिनं लॅपटॉप उघडून विचारलं. सहायकानं अगदी नम्रपणे कबूल केलं : तपासणी सरावाच्या प्रतीवर करायला हवी होती, ती खऱ्या साइटवर झाली. नावं मनानं घातली, पत्ता नोंदीत सापडला तो वापरला. क्षमस्व. ऑर्डरी रद्द करू का?

“रद्द केल्यावर भगर परत पोत्यात जाती का, विचार त्याला!” सिंधुबाई कडाडल्या.

एरवी त्यांना संशय आला असता. पण श्रावणी सोमवारी एका घरी साठ जणांना उपवास, यात कुणाला काय खटकणार? मला हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना. सिंधुबाई माझ्याकडे रागानं बघत राहिल्या, आणि मग त्यांनीच तोंडाला पदर लावला.

महामाया मात्र हसली नाही. तिचं एकुलतं एक गिऱ्हाईक फाटकातून परत जायच्या बेतात होतं. ती पायरीवरच बसली. आधी तिनं सहायकाच्या परवानग्या बदलल्या : बघायचं तेवढं बघ, हात लावण्याआधी विचार. मग सांगितलं, साइटच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिही, उपवासाचा डबा तयार आहे, या पत्त्यावर या. आणि नोंद असलेल्या सगळ्या मुलांना निरोप पाठव. त्यानं विचारलं, “करू का?” या खेपेला तिनं प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली आणि मग ‘हो’ दाबलं.

आधी चष्मेवाल्या दोन मुली आल्या. मग सायकली. मग फाटक लागेचना. मुलं अंगणात, जिन्यावर, माझ्या कपडे धुण्याच्या दगडावरसुद्धा बसून जेवत होती. मी चमचे वाटत होते, महामाया डब्यांचे पैसे घेत होती, संगप्पा पाणी देत होता.

“रांगेत या रे! डॉक्टर व्हायचंय ना? मग पेशंटसारखं काय कण्हून राहिले?” सिंधुबाईंचा आवाज कोपऱ्यावर ऐकू जात असावा.

रिकामे डबे ऑटोत चढवताना त्या महामायेकडे वळल्या. “तुझ्या त्या सहायकाला सांग, एवढी भूक लागली तर आधी मला फोन करायचा.”

“हाव, सिंधुमावशी.”

“आणि साइट राहू दे. फोनवर इतकी पोरं मला सापडली नसती. महिन्याचं काय ते उद्या येऊन ठरव.”

महामायेनं त्यांना मिठी मारली, मला मारली. संगप्पा वेळीच ऑटोत शिरला. मग ती गच्चीवर पळाली आणि फोनवर ओरडली, “अप्पा, पक्कं झालं! मी न्हाई येत!”

फोन स्पीकरवर होता. आनंदराज म्हणाले, “हळू बोल, बाई. फोन नसता तरी उमरीला ऐकू आलं असतं.”

रात्री स्वयंपाक केला नाही. उरलेली भगर-आमटी दोघींनी खाल्ली. दूध विरजून ठेवलं.