घरफोडीचा तास

कायद्याच्या पहिल्या वर्षाला राज्यघटना शिकवणाऱ्या सरांना मुलं 'परंतु सर' म्हणत. कुठलंही कलम वाचून झालं की सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "परंतु..." आणि मग त्यातली पळवाट दाखवायचे. घरी मात्र, भाजी कशी झालीय या प्रश्नाला 'छान, परंतु' म्हणायची त्यांची प्राज्ञा नव्हती.

त्यांचा सगळ्यात गाजलेला तास म्हणजे घरफोडीचा. तीन देशांच्या घटना घ्यायच्या आणि राज्यकर्त्यांनी एकही कलम न मोडता त्या आतून कशा पोखरल्या ते सांगायचं. दोन देशांत साधलं. तिसऱ्यात गड्यानं आधी संसदेची मुदत वाढवली, न्यायालयानं ती वाढ रद्द केली आणि त्याला घरी बसावं लागलं. चोर कुठून येतो हे कळलं की पोरं दार राखतील, असा सरांचा भाबडा हिशेब. विद्वान माणूसच असे हिशेब करू जाणे.

फार वर्षांपूर्वी एका हुशार मुलानं याच तासाला विचारलं होतं, तिसऱ्या देशातल्या त्या गड्यानं आधी न्यायाधीश बदलायला नको होते का? सर खूश होऊन "अगदी बरोबर" म्हणाले होते. पुढे त्या मुलाचं त्यांनी घरच्या पोरासारखं केलं, जेवायला घातलं, पुस्तकं दिली. आज तो सरकारचा कायदा सल्लागार आहे.

गेल्या महिन्यात न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय खाली आलं. निम्मं न्यायालय घरी गेलं, त्या खुर्च्यांवर सरकारची माणसं बसली. रविवारी सल्लागार फळं घेऊन सरांकडे आला. काकूंची तब्येत विचारली, चहा घेतला, आणि दारात चपला घालता घालता म्हणाला, "सर, आता संसदेची मुदत वाढवतोय. क्रम तुमच्याच तासातला. अडवायला आता आहे कोण?" त्याच्या आवाजात खरीखुरी कृतज्ञता होती. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फळं टेबलावर तशीच सडली. यंदा तो तास गाळा, जिवाला घोर लावून घेऊ नका, असं बायको म्हणाली. पण गाळला तर मुलांनी चोर ओळखायचा कसा? आणि शिकवला तर आणखी एक असाच निपजायचा. सरांची पुरती कोंडी झाली.

शेवटी त्यांनी तास घेतला, पण फिरवून. राज्यकर्त्यांच्या क्लृप्त्या भरभर उरकल्या आणि ते त्या देशांतल्या साध्या माणसांवर आले. नोकरी गेलेली शिक्षिका, पत्रकं छापली म्हणून पोलिसांनी उचललेला छापखान्याचा मालक, रोज तुरुंगाच्या फाटकाशी उभी राहणारी त्याची म्हातारी आई. सांगता सांगता त्यांनी चष्मा काढून पुसला. मुलांनी पेनं खाली ठेवली होती. पोचलं बुवा, असं सरांना वाटलं.

पहिल्या बाकावरची मुलगी हात वर करून उठली. तिचे डोळे चमकत होते.

"सर, तिसऱ्या देशातल्या त्या माणसाचं चुकलंच ना? आधी न्यायाधीश बदलले असते तर निभावलं असतं."

सरांना 'परंतु' म्हणायचं होतं. त्याच्यापुढे काय म्हणायचं ते काही केल्या सुचेना. मुलगी वाट बघत उभी होती, आणि तिचं उत्तर तर चुकलं नव्हतं.

"अगदी बरोबर," सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

मुलगी हसून खाली बसली. सगळ्या वर्गानं ते उतरवून घेतलं.