आडवं आलेलं प्यादं

अमरावतीत मी बुद्धिबळाचा क्लास चालवतो, आणि क्लासात सगळ्यात जास्त बोलणारा मी नाही, मोबाइल आहे. मी फळ्यावर कोडं लावतो: पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात. खडू अजून खाली ठेवलेला नसतो, तोवर मागच्या बाकावरची एखादी आई फोटो काढून मोकळी. "सर, हत्ती देऊन टाकायचा. ॲप सांगून राहिलं." वा रे वा! मुलीला शिकायला आणलं की फोनला, ते तरी एकदा ठरवा म्हणावं.

बरं, हे ॲप कोडं सोडवतं तरी कसं? लोकांना वाटतं, लेकाचं फार विचार करतं. डोंबलाचा विचार! समोर तीस चाली असतील तर तीसच्या तीस करून पाहतं. त्यात वजीर फुकट मारू देणारी चाल असते, शेंबडं पोरगंही खेळणार नाही अशी चाल असते. प्रत्येक चालीवर समोरच्याची सगळी उत्तरं, त्या उत्तरांवर पुन्हा आपल्या सगळ्या चाली, आणि शह किंवा मारामारी दिसली की आणखी खोल. एखादी वाट आधी सापडलेल्या वाटेपेक्षा वाईट निघाली की ती तिथेच सोडायची, उरलेल्यांना गुण द्यायचे, जास्त गुणांची पुढे करायची. हरवलेल्या किल्लीसाठी घरातला एकूण एक डबा उपडा करणारा माणूस असतो ना, तसं. फक्त याला थकवा नाही, आणि लाज तर नाहीच नाही. हत्तीचा बळी सुचायला माणसाला अर्धा तास डोकं खाजवावं लागतं. याला तो सुचत नाही, सापडतो. आणि सापडला की आपण टाळ्या वाजवायच्या.

हे सगळं मी पालकांना तोंड वर करून ऐकवायचो. स्वतः काय करायचो, तेही आता सांगतो.

माझे मामा अकोल्याला राहतात. गावाच्या कडेला, बाळापूरच्या रस्त्यावर, त्यांचा भाजी-फुलांचा मळा आहे. वय ऐंशीला टेकलं, तरी पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, यांच्या जुड्या सायकलला बांधून रोज सकाळी बाजारात स्वतः जाणार. गडी असून जाणार. मला बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं. सुट्टीत मी मळ्यावर असायचो तेव्हा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पोतं अंथरून आमचे डाव व्हायचे.

मागच्या वर्षी मामांनी एक कोडं रचलं. वहीच्या पानावर पेन्सिलीनं आखलेला पट, घरांत मोहऱ्यांची पहिली अक्षरं, आणि खाली लिहिलेलं, तीन चालींत मात. मामीनं त्याचा फोटो पाठवला, आणि मागोमाग मामांचा फोन. "तुह्या क्लासातल्या पोराईले दे. पाह्य कोनाले सुटते का."

त्यांनी ते गंमत म्हणून रचलं नव्हतं, आणि मला ते ठाऊक होतं. त्यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी सगळं विसरले होते. एकदा बाजारातून घरी म्हणून निघाले आणि भलत्याच गावाच्या रस्त्यावर सापडले. तेव्हापासून मामांच्या मनात एकच भीती बसली, की आपलंही डोकं असंच जाणार. कोडं रचता येतंय तोवर डोकं शाबूत आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. म्हणजे ते कोडं माझ्याकडे नाही, परीक्षेला पाठवलं होतं.

आणि मी परीक्षक कसा, तर पट मांडायचाही कंटाळा केला. ॲपमध्ये एकेक मोहरं टाकलं आणि बटण दाबलं. दोन सेकंदांत निकाल. मात नाही. तिसऱ्या चालीला पांढरा हत्ती आडव्या रांगेतून शह देतो, पण काळ्याचं एक प्यादं पुढे येऊन तो शह अडवतं. एवढंसं प्यादं मामांना दिसलं नाही म्हणून मी चक्क हसलो, आणि लगेच फोन लावला.

"मामा, तुमचं कोडं चुकलं. कॉम्प्युटर म्हणते मात होत नाही."

"काहून?"

"घोड्याच्या घरापुढचं काळं प्यादं हत्तीले आडवं येते. तुमाले ते दिसलंच नाही."

मग म्हणाले, "असं का? नाही दिसलं बाप्पा मले." आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांचं एकही कोडं आलं नाही. मला त्याचं काही वाटलंही नाही. दोन-तीन महिन्यांनी मामीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज रडवेला होता. मामांनी बाजार सोडला होता. सायकल गड्याला देऊन टाकली होती. फाटकाबाहेर पाय टाकत नव्हते, रस्ता चुकीन म्हणायचे. यावर तुमच्या या शहाण्यानं काय सल्ला द्यावा? "वय झालं आता मामी, करू द्या आराम." अक्कल गहाण ठेवलेला माणूस याहून वेगळं काय बोलणार!

परवा एका स्पर्धेत पंच म्हणून अकोल्याला गेलो, आणि सकाळी मामांकडे डोकावलो. ते अंगणातल्या खाटेवर झेंडूची फुलं निवडत बसले होते. माणूस निम्मा झाला होता. मी म्हणालो, "मामा, एक डाव होऊन जाऊ द्या."

"नको. आता नाही जमत मले."

पण मामीनं पट आणून मांडलाच. मी पांढरी घेतली, राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मामांनी काही न बोलता ते दोन बोटांत उचललं आणि एक घर मागे ठेवलं.

"एकच घर," ते म्हणाले.

तेव्हा कुठे मला आठवलं. देशी बुद्धिबळात प्यादं एकच घर चालतं, पहिल्या चालीलाही एकच. दोन घरांची उडी स्पर्धांमधल्या नियमांत, ॲपमध्ये. धुऱ्यावरच्या पोत्यावर मी वर्षानुवर्षं एकच घर चाललो होतो.

मी मामीकडून वही मागून घेतली आणि कोडं पटावर मांडलं. पहिली चाल, दुसरी चाल, तिसऱ्या चालीला हत्तीचा शह. ते काळं प्यादं दोन घरं चाललं तरच आडवं येणार होतं. एक घर चाललं की हत्तीची रांग त्याच्यापुढे एक घर राहते. मात. स्वच्छ, देखणी मात.

"मामा, कोडं बरोबर हाये तुमचं! ॲपनं प्यादं दोन घरं चालवलं. चूक त्याची हाये."

मामा पटाकडे पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आठ दिवस मांडून बसलो होतो. ते प्यादं आडवं येतच नव्हतं. तू म्हनला येते. म्हटलं, झालं, दादासारखंच झालं आपलं."

मी सुटलोच होतो. मशीन कसं बिनडोक असतं, कोणत्या नियमानं खेळता हे विचारायचीही त्याला गरज वाटत नाही, असं काय काय बोलत होतो. क्लासातलंच भाषण ते.

"त्याले कोनं शिकोलं, मले नाही मालूम," मामा म्हणाले. "तुले मी शिकोलं होतं."

ते उठले, चपला घातल्या, खुंटीवरची पिशवी काढली. मी म्हणालो, "मी येतो संगं."

"कायले? मले रस्ता ठाऊक हाये."

फाटक उघडून ते बाजाराकडे चालू लागले. मामी फाटकाशी उभी राहून पाहत होती. मी पटापाशीच बसलो होतो. ते काळं प्यादं एक घर पुढे सरकवून पाहिलं. आडवं येत नव्हतं.