आलूच्या बंदुकीत सुधारणा

नववीत असताना आलू फेकणारी बंदूक मी बनवली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात आजही हा विषय निघाला की सुरुवात "आम्ही बनवली होती" अशी होते. आम्ही नाही, मी. पाइप जोडायला घेतलेला सोल्यूशनचा डबा माझ्या फ्रॉकवर सांडला होता आणि त्याबद्दल आईच्या शिव्याही मी एकटीनेच खाल्ल्या होत्या. तेव्हा कोणी "आम्ही" म्हणत पुढे आलं नव्हतं.

स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरच्या मागे मोकळं मैदान होतं. नळाच्या कामातून उरलेला प्लास्टिकचा पाइप, कोल्ड्रिंकची मोठी बाटली, मध्ये एक तोटी. सायकलच्या पंपाने बाटलीत हवा भरायची आणि तोटी झटक्यात फिरवायची, की पाइपात ठोकलेला आलूचा तुकडा धप्प आवाज करून मैदानात पडायचा. शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी निवड होणार होती. निवड झाली की जिल्ह्याच्या ठिकाणी, दुर्गला जायला मिळणार होतं. मला जायचं होतं, आणि त्या वर्षी मला दुसरं काहीही नको होतं.

बंदुकीत काय बदलायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. आलू जवळच पडायचा, कारण तोटीचं भोक बारीक होतं. हवा भरपूर असूनही तिथे अडकायची. मोठ्या भोकाची तोटी हवी होती, आणि पाइपची कड घासून धारदार करायची होती, म्हणजे आलू नीट कापला जाऊन फट राहिली नसती. एवढंच. तोटीपुरते पैसे माझ्याकडे नव्हते, म्हणून मी बाबांना ती आणायला सांगितलं.

हे सांगायलाच नको होतं. बाबा प्लांटमध्ये मेंटेनन्सला होते. त्यांनी बंदूक उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "थांब बाई. प्रेशरचं काम आहे, जरा विचारून घेऊ." विचारून घेऊ म्हणजे शेजारच्या काकांना. काका प्लांटच्या सेफ्टीत होते आणि दूध आणायलाही हेल्मेट घालून जायचे. त्या रविवारी चरोद्याहून मामाही जेवायला आला होता. तो रेल्वेत, डब्यांच्या ब्रेकचं काम करायचा, म्हणजे हवेतला तज्ज्ञ. अंगणात खुर्च्या पडल्या, मध्ये स्टुलावर माझी बंदूक ठेवली गेली आणि मला चहा टाकायला सांगितलं.

"बाटली नाही चालत," काका बाबांना म्हणाले. "फुटली तं? लोखंडाची टाकी पायजे."

हे मला पटलं. पण बंदूक माझी असताना ते बाबांकडे बघून का बोलत होते?

"आन् वॉल्व्ह एकच कसा काय?" काकांनी तोटीवर बोट ठेवलं. "दोन लावा. एक फेल झाला तं दुसरा रोखते."

"लांब रबरी होज पाइप मी आणून देतो," मामा म्हणाला. "भंगारातला आहे, पण मजबूत."

मी ट्रे हातात धरूनच म्हटलं, "मामा, एवढा लांब पाइप लावला तं हवेचा जोर रस्त्यातच मरते. मले मोठी तोटी पायजे फक्त."

"हाव, हाव," मामा म्हणाला. "पुढच्या चहात अद्रक टाकजो, बाई."

माझं डोकं इतकं तापलं की अद्रक टाकलंच नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी बंदूक मागच्या खोलीत नेली आणि तिच्यावर सुतळीने लाल चिठ्ठी बांधली: काम चालू आहे, हात लावू नये. प्लांटमध्ये मशीन दुरुस्तीला घेतली की अशी चिठ्ठी लागते, आणि ज्याने लावली त्यानेच ती काढायची असते, कारण आत कोणाचा तरी हात असू शकतो. प्लांटवाल्यांच्या घरातलं पोर बाकी काहीही तोडेल, ती चिठ्ठी तोडणार नाही. दुसऱ्या कोणाच्या घरातली मुलगी असती तर सुतळी कापून मोकळी झाली असती. मी रोज दारात उभी राहून माझीच बंदूक नुसती बघत होते, आणि आत माझ्या नसलेल्या वस्तू वाढत होत्या. लोखंडी टाकी आली. दोन वॉल्व्ह आले, होज पाइप आला, त्याला आधार म्हणून लोखंडी अँगलचा स्टँड आला, स्टँडवर बसावा म्हणून पाइपला वाकणं आली. काकांनी निळा रंगही दिला, हवेच्या लाइनला निळाच लागतो म्हणून.

"एकदा चालवून तं पाहू द्या," मी बाबांना म्हणायची.

"काम पुरं होऊ दे, बाई. अर्ध्यात नाही चालवत."

चिठ्ठी निवडीच्या दिवशी सकाळी सुटली. बाबांनी सुट्टी टाकली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. मामा स्कूटरवर बाबांच्या मागे बसून ते धूड मांडीवर धरून होता, मी सायकलने मागून. आमच्या हिंदी शाळेच्या मैदानात निवड करणाऱ्या सरांसमोर बाबांनी पहिला वॉल्व्ह उघडला, मग दुसरा. हवा एका वळणातून दुसऱ्या वळणात फुसफुसत गेली आणि आलू पाइपच्या तोंडातून हळूच बाहेर येऊन स्टँडच्या पायाशी पडला. पोरं हसली. मामा म्हणाला, "प्रेशर और लगेगा."

सरांनी विचारलं, "ये किसने बनाया?"

"हम सबने मिल के, सर," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा एवढा खूश होता की मला तो बघवेना.

"सर," मी म्हटलं, "ये मेरा नहीं है."

सरांनी माझं नाव खोडलं. दुर्गला दुसऱ्या वर्गातली मुलगी गेली.

परत येताना बाबांनी स्कूटर सुरूच केली नाही, माझ्या सायकलशेजारून ढकलत चालले. मामा बंदूक घेऊन रिक्षाने पुढे गेला होता. बाबा म्हणाले, "असं कावून म्हणलं, बाई? तुयासाठीच तं करून राहिलो होतो सगळं."

"मले तोटी पायजे होती, बाबा. तुम्ही एकदाही विचारलं नाही, कोणती."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आईकडून पैसे घेतले, मोठ्या भोकाची तोटी स्वतः आणली आणि दुसरी बंदूक केली. पहिला आलू मैदान ओलांडून पलीकडच्या भिंतीवर फुटला. आवाज घरापर्यंत नक्की गेला असणार, कारण आतला रेडिओ बंद झाला आणि मागच्या दाराच्या जाळीमागे बाबा येऊन उभे राहिले. बाहेर आले नाहीत. मी बोलावीन याची ते वाट बघत होते.

मी बोलावलं नाही. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.