चेक केलं, म्हणजे काय केलं

आमच्या घरात दिवसाला पन्नास वेळा 'चेक' होतं. गॅस बंद केला का चेक कर. टाकीत पाणी चढलं का चेक कर. सासूबाई शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, पण दवाखान्यातून आल्या की सांगतात, "बीपी चेक केला, लय वाढलाय." आणि आमचे हे! मोटार बंद केली का विचारलं की खुर्चीतूनच ओरडतात, "केलं चेक!" जागचे हललेलेसुद्धा नसतात, पण चेक झालेलं असतं.

सासूबाई भात वाळत घातलं की संध्याकाळी एक दाणा दाताखाली धरून फोडायच्या. कट्ट करून तुटला तर वाळला, नाहीतर उद्या परत ऊन. त्याला त्या नुसतं 'बघणं' म्हणायच्या. हा इंग्रजी शब्द आला आणि हात लावायचं कामच गेलं, असं मी तावातावानं सांगत असते. पण खरं सांगू? मला बोलायचं तोंड नाही. मी काय केलं होतं ते ऐका.

आमच्या गावाला, नवलाख उंबऱ्याला, कारखाने झाले, तरी मी बरीच वर्षं घरातच होते. अडतिसाव्या वर्षी एका लहानशा कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले. सहा महिने काम बघणार आणि मग कायमचं पत्र देणार, असं ठरलं होतं. आमचे हे म्हणाले, "बघू किती दिस टिकतीस." मला ते फार लागलं. ती नोकरी मला हवी होती. पगार तर हवाच होता, पण गळ्यात माझ्या नावाचं कार्ड घालून सकाळी बसला उभं राहायचं, ते मला जास्त हवं होतं. त्या कार्डावर मी कुणाची सून नव्हते की कुणाची आई नव्हते.

काम सोपं होतं. दुचाकीच्या ब्रेकच्या पेडलमध्ये बसणारे छोटे बुश, म्हणजे बोटाएवढ्या नळीचे तुकडे, मशिनवर तयार व्हायचे. दर तासाला त्यातले पाच उचलायचे आणि त्यांच्या भोकात गेज घालून बघायचं. गेज म्हणजे दोन टोकांची लोखंडी कांडी. एक टोक भोकात जायलाच हवं, दुसरं जाता कामा नये. गेलं तर भोक मोठं झालं, माल बाद. बरोबर असेल तर चेकशीटवर त्या तासाच्या रकान्यात 'ओके' लिहायचं.

पहिले काही दिवस मी इमानानं केलं. शेजारच्या मशिनवर आमच्याच गावची एक बाई होती, खूप जुनी. सगळे तिला मावशी म्हणायचे. ती मला हसायची. "अगं येडे, मशिन काय पळून चाललंय व्हय? सकाळच्या चहालाच भरून टाक की सगळे रकाने! तेवढाच हात मोकळा." मला काय, पटलंच. सातापासून तीनपर्यंतचे सगळे ओके मी नऊ वाजताच लिहून मोकळी व्हायला लागले. मोकळ्या हातानं जास्त माल भरायचा, म्हणून साहेबही खूश.

पाच महिने असेच गेले. पत्राला तीनच आठवडे राहिले होते. एके दिवशी साडेअकराच्या सुमाराला बुश खोक्यात भरताना एक बोटाला जरा वेगळा लागला. कडेला खरखर होती. सहज गेज घातलं, तर जाऊ नये ते टोक सरकन आत गेलं. आणखी चार उचलले. तीन तसेच निघाले. समोर शीटवर माझ्याच अक्षरात बाराचं ओके, एकचं ओके, दोनचं ओके!

मी मावशीकडे धावले. ती हळूच म्हणाली, "बोंबलू नकोस. ऑपरेटरला सांग, टूल झिजलंय, बदल म्हनावं. झालेल्या मालाचं कशाला उकरून काढतीस? शीटवर ओके हाय न्हवं?"

शीटवर ओके होतं, हीच तर गोम होती. दोन वाजता माल न्यायला गाडी येणार होती. त्यातला खराब किती, कधीपासूनचा, हे कुणालाच माहीत नव्हतं. बोलले तर पत्र गेलं. गप्प बसले तर कुणाच्या तरी गाडीच्या ब्रेकमध्ये हे बसणार. आमच्या ह्यांच्याकडेही दुचाकीच आहे. मला रडूच आलं, आणि रडत रडतच मी साहेबांच्या टेबलाशी गेले.

साहेब माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तळेगावचे. त्यांनी शीट बघितली. "ताई, हे तर सगळं ओके आहे."

"लिवलंय साहेब. चेक केलं न्हाई."

"असं करायला कुणी शिकवलं?"

"माझं मीच," म्हटलं. पलीकडे मशिनवर मावशीची मान खाली होती.

त्यांनी गाडी थांबवली. सकाळपासूनची सगळी खोकी उघडली आणि आम्ही तिघं एकेक बुश गेजवर बघत बसलो. मावशी न बोलावता आली. शिफ्ट संपली, बस निघून गेली, तरी आमचं चाललंच होतं. तिसऱ्या खोक्यापासून माल बिघडलेला निघाला. साहेबांनी माझ्या ओकेंवर माझ्याच हातानं रेघ मारायला लावली आणि खाली सही घेतली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन आठवड्यांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी कार्ड गळ्यातून काढून मुठीतच धरलं होतं.

"पत्र आत्ता देता येणार नाही," ते म्हणाले. "खोटी शीट भरलीत. अजून सहा महिने ट्रेनीच."

मी मान हलवली. चूक माझीच होती.

"आणि आजपासून शेवटचं चेकिंग तुमच्याकडं. तुमच्या सहीशिवाय गाडी सुटणार नाही."

"माझ्याकडं? साहेब, मीच तर..."

"इथं चेक केलं नाही असं आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, ताई. विचारलं की सगळेच म्हणतात, 'केलं चेक.'"

मी कार्ड गळ्यात घातलं आणि बाहेर आले. दारात गाडी भरून उभी होती. ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवून कागद माझ्यापुढं धरला. "ताई, एक सही मारा पटकन, हायवेला ट्रॅफिक लागंल."

मी पेन खिशात ठेवलं आणि वरचं खोकं उघडायला लावलं. पाच बुश काढले. पहिला गेजवर घातला, मग दुसरा. तो हॉर्न वाजवायला लागला. मी मान वर केली नाही. तिसरा घेतला, तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं.