एकाच सुईची तुळस

माझ्या डाव्या मनगटावर गोंदलेली एक तुळस आहे. रंग हिरवट, रेषा पसरलेल्या. न सांगता कुणाला ती तुळस वाटणार नाही. नऊ वर्षांची असताना करकंबच्या बाजारात आम्ही पाच चुलत बहिणी एका ओळीत बसून गोंदून घेतलं. गोंदणारीकडे दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन सुया होत्या. थोरलीपासून सुरुवात झाली आणि त्याच सुया शेवटी माझ्यापर्यंत आल्या. मध्ये कुणी त्या धुतल्या नाहीत. गोंदणारी धुवायला लागली असती, तर आमच्या चुलतीनंच तिला अडवलं असतं. "एका सुईनं गोंदलेल्या भैनी कदी तुटत न्हाईत," असं तिचं म्हणणं. रक्त पदरानं पुसलं, वर हळद दाबली, हातावर गुळाचा खडा ठेवला.

दोन वर्षांपूर्वी त्या थोरलीच्या रक्तात कावीळ ब निघाली. ही कावीळ रक्तातून पसरते आणि वर्षानुवर्षं गप्प बसून लिव्हर खाते. डॉक्टर म्हणाले, सुईतूनच आली असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण त्या सुईखाली बसलेल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्या. थोरलीनं लगेच फोन केला. "तू बी तपासून घे की. आन् पोरीचं बी. आईकडनं लेकराला जाती म्हनत्यात."

"व्हय, घेते," म्हणाले आणि घेतलं नाही. मी भित्री आहे, हे इथंच सांगून टाकते. जोवर रिपोर्ट हातात नव्हता, तोवर माझी मुलगी ठणठणीत होती. तो कागद मला नकोच होता.

त्याऐवजी मी साऱ्या जगावर संशय घेऊ लागले. नवऱ्याच्या न्हाव्याचं ब्लेड, भाचीचे कान टोचणारा सोनार, दवाखान्यातली सुई, सगळ्यांवर माझा डोळा. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. मी पाणीसुद्धा फुंकत होते.

अशात मुलीनं जाहीर केलं, "आई, मला टॅटू काढायचाय. तुझी तुळस. अगदी तशीच."

दुसरं काहीही असतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं. माझीच तुळस म्हटल्यावर तोंड बंद झालं. अट एकच घातली, मी बरोबर येणार.

पहिलं दुकान मी दारातूनच नापास केलं. तिथला माणूस हातमोजे घालून वडापाव खात होता. दुसरं आमच्या जुळे सोलापुरातच, मोबाईलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आत फरशी स्वच्छ, फिनेलचा वास. मला तो वासही खटकला. इतका वास कशाला, काय झाकायचंय?

टॅटू काढणारा तिशीतला, विणकरांच्या घरातला. घरून फोन आला की तेलुगूत बोलायचा. मी त्याला एकेक प्रश्न विचारून सोलायला घेतलं. सुई नवी कशावरून? त्यानं बंद पाकीट माझ्या हातात दिलं. मी चष्मा लावून तारीख वाचली आणि पाकिटाच्या कडा बोटानं दाबून पाहिल्या; पुन्हा चिकटवलेल्या असल्या तर? शाई बाटलीतून थेट घेणार का? नाही, छोट्या टोपणात ओतून, उरलेली फेकणार. वापरलेली सुई कुठं जाते? त्यानं झाकणाचा जाड डबा दाखवला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि त्यानं तो मोजे घातलेल्या हातानं उचलला.

"सापडलास!" मी मनात म्हटलं. तोंडानं म्हणाले, "आता तेच हात लावणार?"

त्यानं मोजे काढले, टाकले, हात धुतले, नवे घातले. मुलगी लाजेनं लाल झाली होती. "आई, पुरे की आता."

मग त्याला नक्षी उतरवून घ्यायची होती. "काकू, हात द्या." त्यानं माझं मनगट दिव्याखाली धरलं आणि जरा वेळ नुसतं बघत राहिला.

"हे बाजारातलं गोंदण हाय ना? आमच्या आजीच्या हातावर पण असंच हाय." पेन्सिल बाजूला ठेवून तो म्हणाला, "तुमी मला लई विचारलं. आता मी एक विचारतो. ही सुई कुणाकुणाला वापरली होती?"

"पाच जणींना," मुलगीच कौतुकानं म्हणाली. ती गोष्ट ऐकतच ती मोठी झाली होती.

"त्यातल्या कुणाला कावीळ निघाली का, काकू?"

मला त्याचा भयंकर राग आला. हा कोण विचारणारा? नाही म्हणायला तोंड उघडलं आणि थोरलीचा आवाज कानात आला. मी सगळं सांगून टाकलं. फोन, डॉक्टर, न केलेली तपासणी, सगळं. मुलीकडे न बघता.

त्यानं हातमोजे काढून टाकले. "मला भीती न्हाई. मी समोरच्या प्रत्येकाला कावीळ हाय असं धरूनच काम करतो. पण हिला म्हाईत पायजे की. लस दिल्याचं कार्ड हाय का हिचं?"

कार्ड घर बदलताना कुठंतरी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी तपासणीला रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आले. दोघींचेही चांगले. मी जिन्यातच बसून रडले. मुलगी रडली नाही. "दोन वर्षं तुला माहीत होतं," एवढंच म्हणाली. मग डॉक्टरांना विचारून तिनं लस सुरू केली. त्या दिवसानंतर मी जेवलीस का विचारलं तरी ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची.

पुढं आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. त्यानं नवं पाकीट फोडलं, मी तारीख वाचली नाही. मुलगी फॉर्म भरत होती. घरातल्या आजारांच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं.

"आई, अजून काही राहिलंय का सांगायचं?"

"नाही गं."

खरंच काही राहिलं नव्हतं. तरी ती माझ्याकडे बघत राहिली, मी सुईचं पाकीट बघितलं होतं तशी.