विळीला धार लावायला काटीकाटीला

यंदाही भारतात जायचं नाही असं आम्ही फेब्रुवारीत ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, छताचं काम निघालं, ईराची शाळा बदलली, आणि बाबा फोनवर म्हणाले, "अजिबात येऊ नका. मी ठणठणीत आहे. कशाला एवढी दगदग?" आई गेल्यापासून बाबा सांगलीला एकटेच असतात. त्यांनी नको म्हटलं की मला आधी सुटल्यासारखं वाटतं आणि मग दोन दिवस अन्न गोड लागत नाही. अशा वेळी माझा नवरा मिलिंद नकाशा उघडून बसतो. "एप्रिलच्या सुट्टीत टौरंगाला समुद्रावर जाऊ," तो म्हणाला. म्हटलं चला, दुधाची तहान ताकावर.

डिकीत कपड्यांबरोबर टॉवेलात गुंडाळलेली आईची विळी होती. समुद्रावर विळी घेऊन जाणारी बाई मी एकटीच असेन, पण त्याला कारण होतं. विळी इतकी बोथट झाली होती की कोथिंबीर चिरायच्या ऐवजी चेंगरायची, आणि ऑकलंडात जो तो धारवाला तिच्याकडे बघून हात वर करायचा. "टौरंगाच्या अलीकडे काटीकाटीला एक म्हातारा जपानी दुकानदार आहे, तो कशालाही धार लावतो," असं आमच्या हिल्सबरोच्या शेजारणीनं सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी सातला निघालो. लवकर निघा, कारण नंतर दक्षिणेकडचा हायवे तुंबतो. अर्ध्या तासात बॉम्बे नावाचं गाव लागतं आणि तिथे प्रत्येक मराठी माणूस करतो तो विनोद मीही केला: "आली बघा मुंबई, डबे काढा." मागून ईरा म्हणाली, "आई, यू से दॅट एव्हरी टाइम." बारा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. पुढे एक नंबरचा रस्ता सोडून दोन नंबरला लागायचं. करंगाहाकेची घळ चुकवू नका. पार्किंग फुकट आहे, नदीकाठी रेल्वेचा जुना बोगदा आहे, टॉर्च मात्र न्या. आम्ही नेला नव्हता. फोनच्या उजेडात एकमेकांचे पाय तुडवत बाहेर पडलो आणि झाडाखाली बसून घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. काटीकाटीच्या आधी रस्त्याकडेला अ‍ॅव्होकॅडोच्या टपऱ्या लागतात. माणूस नसतो, डब्यात पैसे टाकायचे आणि पिशवी उचलायची.

दुकान मुख्य रस्त्यावरच आहे. काचेत सुऱ्या, कात्र्या, भाताची भांडी. मिलिंद आणि ईरा गावातल्या भिंतींवरची चित्रं बघायला गेले, मी विळी घेऊन आत शिरले. "किया ओरा," आतून माओरीतला नमस्कार ऐकू आला. मोरिता-सान ऐंशीला टेकलेले असावेत. आपण रावसाहेब म्हणतो त्यातला तो 'सान'. आम्ही इंग्रजीतच बोललो, दोघांचंही आपापल्या वळणाचं.

टॉवेल सोडला तसा त्यांचा चेहरा उजळला. "हे कसं वापरतात?"

"जमिनीवर बसून. पाट पायाखाली दाबायचा, पातं समोर उभं."

"माझी आईसुद्धा जमिनीवर बसूनच सगळं करायची," ते म्हणाले. "कसं वापरतात ते कळल्याशिवाय मी धार लावत नाही." आणि मी नको नको म्हणेपर्यंत ते काउंटरला धरून खाली बसलेसुद्धा. पाट गुडघ्याखाली घेतला, दगड पाण्यात बुडवला आणि पात्याच्या वळणावरून हळूहळू फिरवायला लागले. मीही समोर मांडी घालून बसले. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

काम करता करता ते बोलत होते. शिकोकूच्या डोंगरातलं त्यांचं गाव. आधी शाळा बंद झाली, मग बस. "दर निवडणुकीला एक पुढारी यायचा. म्हणायचा, मला निवडून द्या, तुमची मुलं गावी परत येतील. आई मरेपर्यंत त्यालाच मत देत राहिली. मी तिला विचारलं, अगं, त्यानं काय केलंय आजवर? तर म्हणाली, काही नाही, पण तुझं नाव निदान तो एकटा तरी काढतो." ते हसले. मला हसू येईना.

इथे येऊन त्यांना पस्तीस वर्षं झाली, पण पासपोर्ट अजून जपानचाच. दोन ठेवता येत नाहीत. म्हटलं, आमचंही तसंच, मी गेल्याच वर्षी भारताचा परत केला. त्यांनी दगड थांबवला. "रडलात?" "गाडीत," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा दगड फिरवायला लागले. बायकोला इथल्याच मातीत ठेवलंय, त्यामुळे आता परत जायचा प्रश्न नाही. मुलीसाठी म्हणून इकडे आले, आणि मुलगी शिकून नोकरीला गेली ओसाकाला. "आम्ही इकडे, ती तिकडे," ते म्हणाले. "रस्त्यात चुकामूकच झाली म्हणा."

तेवढ्यात फोन वाजला. दर शनिवारी मुलीचा व्हिडिओ कॉल असतो. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, फोन एका खोक्याला टेकवला आणि विळी उचलून तिला दाखवली. मुलगी खूप हसली. मला जपानी येत नाही, पण बापाचा 'मजेत आहे'चा सूर कुठल्याही भाषेत कळतो. चांगली दहा मिनिटं गप्पा झाल्या. फोन ठेवल्यावर ते तसेच बसून राहिले.

"आता एक मदत करा," ते म्हणाले. "मला उठता येत नाही."

मला आधी थट्टाच वाटली. मग त्यांनी सांगितलं, काखेत हात घाला, भिंतीपर्यंत सरकवा, मग वर. दोनदा प्रयत्न फसला. तिसऱ्यांदा ते उभे राहिले तेव्हा कपाळावर घाम होता आणि काउंटर त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. खुब्याचं हाड गेलंय. ऑपरेशनच्या यादीत नाव आहे, नंबर कधी येईल ते कोणी सांगत नाही.

"मुलीला माहीत आहे?"

"ती नोकरी सोडून येईल. मग मी तिला शिकवलं कशाला?"

मला राग आला. अहो, ही काय लपवायची गोष्ट आहे, असं मी बोलूनही गेले. पण फोनवरचा तो 'मजेत आहे'चा सूर ओळखून मीही तोंड मिटूनच बसले होते, ते काही मी विसरले नव्हते. ते रागावले नाहीत. शांतपणे विचारलं, "तुमचे वडील आहेत?"

"आहेत. ठणठणीत आहेत."

"फोनवर त्यांचे पाय दिसतात?"

मी विळी टॉवेलात गुंडाळत होते. हात तिथेच राहिला. पूर्वी बाबा फोन घेऊन घरभर फिरायचे. अर्धा वेळ छत दिसायचं, अर्धा वेळ त्यांचं नाक, मग अंगणातला कढीपत्ता. हल्ली चित्र अगदी स्थिर असतं. गेल्या महिन्यातच मी त्यांचं कौतुक केलं होतं, "बाबा, आता जमायला लागला हं तुम्हाला फोन धरायला." आणि ते म्हणाले होते, "मग, शिकलो की नाही!"

धारेचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. दारापर्यंत सोडायला येतो म्हणाले, मी येऊ दिलं नाही. त्यांच्या मुलीचा नंबर शोधून तिला कळवावं का, हे पुढचे दोन दिवस डोक्यात घोळत राहिलं. नाही कळवलं. बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही.

टौरंगाबद्दल लिहायला हवं, कारण त्यासाठीच तुम्ही इथवर वाचलं असेल. दोन रात्री मोटेलात राहिलो, स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, जेवणाचा खर्च वाचतो. 'माउंट' म्हणतात त्या समुद्राकाठच्या डोंगराभोवतीची पायवाट तासाभराची, सपाट, म्हाताऱ्यांनाही झेपेल अशी. पाणी थंड होतं तरी ईरा टॉग्ज, म्हणजे इथले पोहायचे कपडे, घालून डुंबली. बागांमध्ये किवीफळांची तोडणी चालू होती, बंदरात जहाजं लागलेली. सगळं सुंदर होतं. त्या पायवाटेवर एक काका वडिलांचा हात धरून चालले होते, त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी समुद्राकडे तोंड करून बसले. मिलिंदनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "माझं मन इथे नाहीये रे." त्याचे आईवडील भावाजवळ असतात, त्याला हे कळतंही आणि नाहीही.

सोमवारी दुपारी तीनला घरी पोचलो, म्हणजे सांगलीत सकाळचे साडेआठ. चपलाही न काढता फोन लावला. बाबा नेहमीसारखे, इस्त्रीचा शर्ट, हातात पेपर.

"बाबा, जरा अंगणात चला ना. कढीपत्ता बघायचाय."

"आत्ता? ऊन आहे गं."

"साडेआठला कसलं ऊन? चला."

"नंतर दाखवतो. सहल कशी झाली ते सांग."

"बाबा, तुमचे पाय दाखवा."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग पुन्हा उघडून पुन्हा घातली. "शेजारचा संजय येतो सकाळ-संध्याकाळ," ते म्हणाले. "तो उठवतो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

मी नाक पुसून म्हणाले, "मी येतेय."

आता छताचं, ईराच्या शाळेचं, तिकिटाचं काढतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. बाबांनी चष्मा काढला.

"कधी?" त्यांनी विचारलं.